अमेरिकेतली शाळा, मुलाचा फोन आणि घरातली बंदूक : मराठी आईबाबांनी नेमकं काय करावं

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की दोन निष्कर्ष लगेच तयार असतात : ‘पोरगा एकाएकी बिथरला’ आणि ‘या फोननेच मुलं बिघडवली’. पहिला बहुतेक वेळा चुकीचा असतो, दुसरा अर्धवट. हे हल्ले आठवडेच्या आठवडे शिजत असतात आणि त्यांची कुणकुण कुणाला तरी आधी लागलेली असते. त्यामुळे ज्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात, त्यांच्या हातात वाटतं त्यापेक्षा बरंच काही असतं.

कारणं, आधी फोन बाजूला ठेवून

कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलवर २० एप्रिल १९९९ रोजी हल्ला झाला तेव्हा फेसबुक यायला अजून पाच वर्षं होती. तरी दोघा हल्लेखोरांपैकी एकाच्या वेबसाइटवरच्या धमक्या ओळखीतल्या एका कुटुंबाने वर्षभर आधीच, १९९८ साली, शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात नेऊन दिल्या होत्या. झडतीच्या वॉरंटचा मसुदाही तयार झाला, पण तो न्यायाधीशांपुढे गेलाच नाही.

राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणारी सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं यांनी मिळून शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास केला, १९७४ ते २००० मधल्या ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर तपासले. अहवाल २००२ साली आला. हल्लेखोराचा ठरावीक साचा त्यांना सापडला नाही. हुशार, ढ, एकलकोंडे, मित्रांत रमणारे, सगळ्या तऱ्हेची मुलं त्यात होती. सारखेपणा दिसला तो वेगळ्याच गोष्टींत. आपला छळ झाला, आपल्याला चिडवलं किंवा मारलं, असं ७१ टक्के मुलांना वाटत होतं. ७८ टक्के मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते किंवा त्यांनी तसा प्रयत्न केला होता. ६८ टक्के मुलांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातूनच उचलली होती. आणि ८१ टक्के घटनांमध्ये किमान एका माणसाला आधी काहीतरी माहीत होतं, बहुतेकदा बरोबरीच्याच मुलाला. हिंसक व्हिडिओ गेमची आवड मात्र जेमतेम १२ टक्के मुलांमध्ये दिसली. गेमवर खापर फोडणारे पुढारी हा आकडा कधी सांगत नाहीत.

मानसिक आजाराचंही तसंच. नैराश्य असलेली बहुसंख्य मुलं कुणालाही इजा करत नाहीत. केलीच तर स्वतःला. धोका तयार होतो तो चार धागे एकत्र आल्यावर : मनात धरून ठेवलेला अपमान, जगण्यातून उडालेलं मन, आधीच्या एखाद्या हल्ल्याचा डोळ्यापुढे असलेला नमुना आणि हाताशी असलेली बंदूक. यातला शेवटचा धागा आजच्या आज तोडता येतो.

मग सोशल मीडिया काय करतो

पहिलं, झोप खातो. रात्री दोनपर्यंत फोन हातात असलेलं मूल दुसऱ्या दिवशी चिडकं असतं आणि त्याला छोटा अपमानही मोठा वाटतो. दुसरं, पूर्वी शाळा सुटली की चिडवणं तिथेच थांबायचं. आता ते खिशातून घरी येतं आणि शंभर जण त्यावर हसल्याचं त्या मुलाला दिसतं. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल (सरकारचे सर्वोच्च आरोग्य सल्लागार) विवेक मूर्ती यांच्या २०२३ च्या इशारापत्रात, दिवसाला तीन तासांहून जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असल्याचं म्हटलं आहे. हा संबंध आहे, कारणाचा पुरावा नव्हे. आधीच खचलेलं मूलही फोनला जास्त चिकटतं.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आणि कमी बोलली जाणारी. जुन्या हल्लेखोरांना नायक मानणारे गट इंटरनेटवर आहेत. त्यांत त्यांचे फोटो, कपडे, तारखा, वाक्यं मिरवली जातात. ‘मला सगळे विसरले’ असं वाटणाऱ्या मुलाला तिथे प्रसिद्धीचा रस्ता दिसतो. म्हणूनच घरात अशा घटनांबद्दल बोलताना हल्लेखोराचं नाव घेऊ नये, त्याचा फोटो किंवा व्हिडिओ पुढे पाठवू नये.

पण हाच सोशल मीडिया बेत फुटण्याचीही जागा आहे. टेक्सासमधल्या युव्हाल्डीतल्या प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोराने त्याच सकाळी आपला इरादा जर्मनीतल्या एका मुलीला खासगी संदेशांत सांगितला होता. सगळे फोन काढून घेतले तर असे संदेश थांबत नाहीत. ते पाहणारं आपलं मूल तेवढं कमी होतं.

ऑक्सफर्डमधली ती सकाळ

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलची घटना प्रत्येक पालकाने बारकाईने पाहावी. ३० नोव्हेंबर २०२१ ला १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने चार मुलांना मारलं. चार दिवस आधी वडिलांनी ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं होतं. आदल्या दिवशी मुलगा वर्गात फोनवर काडतुसं शोधताना दिसला. शाळेने आईला कळवलं, तिने ते हसण्यावारी नेलं. घटनेच्या सकाळी शिक्षिकेला त्याच्या गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं आणि रक्तबंबाळ माणसाचं चित्र सापडलं. सोबत विचार थांबत नाहीत, मदत करा, अशा अर्थाचे शब्द. आईवडिलांना बोलावलं. काउन्सेलरने लवकरात लवकर उपचार सुरू करायला सांगितलं. आईवडील त्याला घरी न नेता कामावर परतले, मुलगा वर्गात गेला, दप्तर कुणी उघडलं नाही. पिस्तूल दप्तरात होतं. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

शाळेतल्या त्या भेटीत तीन गोष्टी राहून गेल्या : घरात बंदूक आहे का आणि आत्ता कुठे आहे हे विचारणं, दप्तर पाहणं, आणि मुलाला एकटं न सोडणं. शाळेतून असा फोन आला तर ऑफिसची मीटिंग सोडून जा, तिन्ही गोष्टी स्वतः करा, आणि मुलाला घेऊनच निघा.

धमकी दिसली तर

मुलाने किंवा त्याच्या मित्राने तुम्हाला एखादी पोस्ट दाखवली, की आधी चार गोष्टी बघा : कोण, कुठे, कधी, कशाने. ‘या शाळेला आग लावली पाहिजे’ हा वैताग असू शकतो. ‘शुक्रवारी मधल्या सुट्टीत कॅफेटेरियात’ हा बेत आहे. मित्राला एकट्याला आलेला ‘उद्या शाळेत येऊ नकोस’ हा संदेश सगळ्यांत गंभीर समजा, मग तो कितीही शांतपणे लिहिलेला असो. सोबत निरोपाची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, बंदुकीसोबतचा फोटो किंवा जुन्या हल्ल्याची तारीख असेल तर थांबू नका. गंमत आहे की खरं हे ठरवणं तुमचं काम नाही.

पुरावा जपताना एक अडचण येते. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, आणि मजकूर काही वेळाने पुसलाही जातो. म्हणून दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा. त्यात खात्याचं युजरनेम यायला हवं. दिसणारं नाव कुणीही कधीही बदलू शकतं. दिनांक, वेळ, कोणती शाळा, तुम्हाला ते कुठून कळलं हे लिहून ठेवा. धमकी देणाऱ्याला उत्तर देऊ नका, त्याच्या आईवडिलांना परस्पर फोन करू नका. आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका : तासाभरात ती पोस्ट तीन गावांच्या शाळांची होऊन फिरते आणि मूळ खातं गायब होतं.

आज-उद्याचा धोका असेल तर ९११ (आपत्कालीन क्रमांक). नसेल तर शाळेचे प्रिन्सिपल आणि स्थानिक पोलीस, दोघांनाही. अनेक राज्यांत नाव न सांगता कळवायची सोय आहे : कोलोरॅडोत सेफ-टू-टेल, मिशिगनमध्ये ओके-टू-से. एफबीआयचा क्रमांक १-८००-२२५-५३२४, पण तेवढ्यावर विसंबू नका. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेवरच्या हल्लेखोराबद्दल ५ जानेवारी २०१८ ला एफबीआयच्या माहिती केंद्रावर फोन आला होता. तो मायामीच्या कार्यालयापर्यंत पोचला नाही आणि ४० दिवसांनी १७ जण मेले. तक्रार क्रमांक मागा, दोन दिवसांनी पुन्हा फोन करा.

मूल हे सगळं तुम्हाला सांगेल का? ते अडतं बहुतेक एका भीतीपाशी : सांगितलं तर माझाच फोन जाईल. म्हणून घरात एक नियम आधीच करून ठेवा : असलं काही आणून दाखवलंस तर तुझा फोन काढून घेतला जाणार नाही, तू त्या ग्रुपमध्ये का होतास हे त्या दिवशी विचारलं जाणार नाही, आणि तुझं नाव पुढे येणार नाही. हा नियम एकदा मोडलात तर पुढचा स्क्रीनशॉट तुमच्यापर्यंत येणार नाही.

पोस्ट आपल्याच मुलाची असेल तर

मोठ्या घटनेनंतर देशभर नकली धमक्यांचं पीक येतं आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही अटक होते. ‘जोक होता’ हा बचाव अनेक राज्यांत चालत नाही. पोस्ट पुसायला लावू नका. तो पुरावा नष्ट करणं ठरू शकतं. पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याआधी वकील मागा. कुटुंब व्हिसावर असेल किंवा ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल, तर काहीही कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारा.

शाळेकडे धोका तपासणारी समिती आहे का ते विचारा. व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेल्या पद्धतीत रागाच्या भरातली क्षणिक धमकी आणि खरा बेत वेगळे केले जातात, आणि मदतीची योजना ठरते. त्या राज्यात २०१३ पासून अशा समित्या कायद्याने सक्तीच्या आहेत. समितीत प्रशासक, काउन्सेलर किंवा मानसशास्त्रज्ञ आणि पोलीस अधिकारी असतात. नुसतं सस्पेंड केलं तर दुखावलेलं मूल दिवसभर घरात एकटं बसतं, फोनसोबत. तेव्हा सस्पेन्शन झालंच तर घरी कोण थांबणार आणि कोण रोज बोलणार हे त्याच बैठकीत ठरवून घ्या.

मूल खचलेलं वाटत असेल तर सरळ विचारा : ‘तुला मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. ९८८ या मानसिक संकटातल्या मदतीच्या क्रमांकावर फोन किंवा मेसेज दिवसरात्र चालतो. बालमनोविकारतज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून तोवर पीडिअॅट्रिशियनला त्याच आठवड्यात भेटा. ‘मंडळात कळलं तर’ या भीतीपायी महिना घालवू नका.

बंदूक

आपल्या लोकांच्या घरात नसतेच, हे गृहीत धरू नका. असेल तर गोळ्या काढून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा गादीखाली ठेवलेली वस्तू मुलांना ठाऊक असतेच. काचेचं शोकेस म्हणजे तिजोरी नव्हे. किल्ली स्वयंपाकघरातल्या डब्यात नको, कोड म्हणजे कुणाचा वाढदिवस नको, आणि बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेटीत मुलाचा ठसा ‘सोयीसाठी’ नोंदवू नका. प्रोजेक्ट चाइल्डसेफ या बंदूक-सुरक्षा उपक्रमातर्फे अनेक पोलीस ठाण्यांत केबलचं कुलूप फुकट मिळतं. केबल कापता येते, तेव्हा तो किमान उपाय समजा. घरातलं मूल खचलेलं असेल त्या काळात बंदूक घराबाहेरच काढलेली बरी. कायद्याने ती कुठे ठेवता येते हे राज्यागणिक बदलतं, म्हणून आधी पोलिसांना विचारा. मिशिगनमध्ये अल्पवयीन मूल येऊ शकेल अशा घरात बंदूक कुलपात ठेवणं फेब्रुवारी २०२४ पासून बंधनकारक आहे.

मित्राच्या घरी पाठवताना विचारायची भीड वाटते. शेंगदाण्याची अॅलर्जी आणि कुत्रा यांच्या जोडीला तिसरा प्रश्न म्हणून मेसेजमध्येच टाका : ‘घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?’ बहुतेक अमेरिकन पालक सरळ उत्तर देतात.

फोनचे नियम, थोडक्यात

रात्री सगळ्यांचे फोन, आईबाबांचेही, बेडरूमबाहेर चार्जिंगला. गजरासाठी दहा डॉलरचं घड्याळ आणा. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटमध्ये रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात आणि १६ वर्षांखालच्या मुलांना सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते, पण जन्मसाल खोटं घातलं असेल तर ते लागू होईलच असं नाही. आधी तेच तपासा. स्नॅपचॅट आणि डिस्कॉर्डच्या फॅमिली सेंटरमध्ये मूल कुणाशी बोलतं ते दिसतं, काय बोलतं ते दिसत नाही. चोरून पाळत ठेवणारं अॅप घातलंत तर ते मूल मित्राचा जुना फोन वापरायला लागतं. त्यापेक्षा एकत्र बसून यादी बघा आणि ‘हा कोण?’ असं विचारा.

लॉकडाउनचा (धोक्यामुळे शाळा आतून बंद केल्याचा) मेसेज आला तर

मुलाला फोन करू नका. वाजलेला फोन लपलेल्या वर्गाची जागा सांगतो. शाळेकडे गाडी घेऊन धावू नका. रुग्णवाहिकांचा रस्ता तिथेच अडतो. मुलांना ताब्यात देण्याची जागा वेगळी असते आणि ती मेसेजमधून कळवतात. तिथे फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं आणि आपत्कालीन यादीत नाव असलेल्यालाच मूल मिळतं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा रोज नातवाला आणत असले तरी त्यांचं नाव त्या यादीत नसतं, हे फार घरांत घडतं. ते आले की त्याच आठवड्यात शाळेत नावं नोंदवा, पासपोर्टवर आहेत त्याच स्पेलिंगने.