कमर्शियल दावे आणि सेबीच्या केसेस लढवायच्यात? या चुका टाळा

कमर्शियल प्रॅक्टिस म्हटलं की ज्युनिअर मंडळींना दणदणीत युक्तिवाद दिसतो. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच केसेस वकील उभा राहण्याआधीच कागदात आणि तारखांत हरलेल्या असतात.

मुदतीला ‘बघू पुढे’ म्हणणं

साध्या दिवाणी दाव्यात लेखी कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) उशिरा दिली, तरी थोडी कॉस्ट भरून ती बऱ्याचदा घेतली जाते. ती सवय इथे अंगाशी येते. कमर्शियल कोर्ट्स कायदा, २०१५ खालच्या दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवस मिळतात, कोर्टाला कारण पटलं तर फार तर एकूण १२०. त्यानंतर कैफियत रेकॉर्डवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या निकालात ठणकावून सांगितलंय. आणि हा नियम बड्या कंपन्यांपुरता आहे असं समजू नका. २०१८ च्या दुरुस्तीने दाव्याच्या किमान रकमेची १ कोटीची मर्यादा ३ लाखांवर आणली.

वादीकडून उभे असाल तर याच कायद्याचं कलम १२अ आधी बघा. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळली तर वादपत्रच फेटाळलं जाऊ शकतं (पाटील ऑटोमेशन, २०२२). मध्यस्थी चुकवायला मनाई हुकमाची एक विनंती घुसडून द्यायची, ही युक्ती आता कोर्टं लगेच ओळखतात.

अशील देईल तेवढेच कागद घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. अशील सोयीचे कागद आधी देतो, अडचणीचे उलटतपासाच्या आदल्या दिवशी. पण कमर्शियल दाव्यात तुमच्या ताब्यातले सगळे संबंधित कागद, अगदी विरोधात जाणारेसुद्धा, वादपत्रासोबतच द्यावे लागतात, आणि तसं सत्यकथनही करावं लागतं. नंतर आणलेल्या कागदाला कोर्टाची परवानगी लागते, उशिराचं कारणही पटवावं लागतं. म्हणून मसुदा लिहायला घेण्याआधी एक दिवस अशिलाच्या अकाउंट्स विभागात जाऊन बसा. करार कोणी टाइप केला, दर कोणी ठरवला, बिल कोणी अडवलं, हे तिथल्या क्लार्कला डायरेक्टरपेक्षा जास्त माहीत असतं.

ईमेलचा गठ्ठा छापून जोडला म्हणजे पुरावा झाला, हाही भ्रम. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत: एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलचा डिजिटल ठसा, लिहायची. सर्व्हर सांभाळणारा माणूस दोन वर्षांनी नोकरी सोडून गेलेला असतो, मग सही कोणाची घेणार? सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

सेबीची नोटीस फौजदारी खटल्यासारखी लढवणं

‘थेट पुरावा कुठे आहे?’ एवढ्यावर उत्तर उभं करू नका. परिस्थितीजन्य पुराव्यावरून निष्कर्ष काढता येतो, हे किशोर अजमेरा (२०१६) निकालात आलं आहे. उलट, इनसायडर ट्रेडिंगमध्ये (कंपनीच्या जाहीर न झालेल्या माहितीवर केलेले शेअर व्यवहार) नुसतं नातं आणि व्यवहारांची वेळ यावर भागत नाही, हे बलराम गर्ग (२०२२) सांगतो. आपली केस या दोघांच्या मध्ये कुठे बसते, ते ट्रेड लॉग, म्हणजे व्यवहारांची नोंद, उघडल्याशिवाय कळत नाही. ऑर्डर टाकल्याची वेळ, संख्या, भाव, समोरचा क्लायंट कोड हे रकाने स्वतः वाचा. खरेदी आणि विक्रीच्या ऑर्डर काही सेकंदांच्या फरकाने, त्याच संख्येला आणि त्याच भावाला, पुन्हा पुन्हा जुळत असतील, तर ‘योगायोग’ हा शब्द उत्तरात घालण्याआधी दहा वेळा विचार करा. एक्सेल येत नसेल तर शिका. चार निवाडे कमी वाचले तरी चालतील.

उत्तर देण्याआधी तपास अहवालाचा संबंधित भाग मागायला विसरू नका. टाकानो (२०२२) निकालाने तो हक्क दिला आहे. आदेश विरुद्ध गेला तर सॅटमध्ये (रोखे अपील न्यायाधिकरणात) अपिलाला ४५ दिवस, तेही आदेश हातात पडल्यापासून. त्यामुळे पाकीट कोणी, कुठल्या तारखेला घेतलं, हे त्याच दिवशी फाइलवर लिहून ठेवा. दिवाणी कोर्टात धाव घेऊ नका, सेबी कायद्याच्या कलम २०अ ने ती वाट बंद केली आहे.

उलटतपासाबद्दल एवढंच: हवं ते उत्तर मिळालं की खाली बसा. आणखी एक प्रश्न विचारायचा मोह झाला, की साक्षीदार खुलासा करून मोकळा होतो.