बेळगावला येताय? आधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत माझी मावसबहीण कोल्हापूरहून एसटीनं बेळगावला आली, ती बसस्थानकावर उतरली तीच रडकुंडीला येऊन. महाराष्ट्रात महिलांना अर्धं तिकीट, म्हणून तिनं अर्ध्या भाड्याचा हिशेब करून पैसे काढून ठेवले होते, आणि कंडक्टरनं जास्त मागितले. त्याच्याशी हुज्जत झाली, आजूबाजूची माणसं बघत राहिली. दोन दिवसांनी ती माझ्याबरोबर कर्नाटकाच्या बसनं खानापूरला निघाली. "इथं तर बायकांना फुकट आहे ना?" म्हणत तिनं आधार कार्ड पुढं केलं, आणि पुन्हा तोच प्रसंग.

दोन्ही वेळा कंडक्टर बरोबर होते. महाराष्ट्र एसटीची १७ मार्च २०२३ पासूनची निम्म्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. कागल सोडून गाडी कर्नाटकात शिरली की पुढचं भाडं पूर्ण. कर्नाटकाची 'शक्ती' योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, पण ती कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी आहे. ओळखपत्रावर इथला पत्ता लागतो, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांत ती लागू नाही. ज्येष्ठांचंही तसंच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना महाराष्ट्रात मोफत प्रवास आहे, म्हणून त्यांच्या खिशात फक्त चहापाण्याचे पैसे ठेवून त्यांना एकटं पाठवू नका.

इथली बहुतेक फसगत अशीच होते. पाहुणा समजतो की बोली ओळखीची आहे, माणसं आपली आहेत, तेव्हा महाराष्ट्रच पुढं चालू आहे. नाहीतर घाबरून समजतो की आता सगळंच परकं. दोन्ही समज महागात पडतात.

बसचं अजून थोडं सांगते. सुट्टे पैसे जवळ ठेवा. सुट्टे नसले की कंडक्टर उरलेली रक्कम तिकिटाच्या मागं लिहून देतो. आपला थांबा यायच्या आधीच ती मागून घ्या, गर्दीत उतरताना राहून जाते. पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नाही म्हणून लाजू नका, चढण्याआधी "वडगाव? अनगोळ? येळ्ळूर?" असं नुसतं गावाचं नाव विचारा. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा, मीटरवर विसंबू नका.

कोल्हापूरहून रेल्वेनं यायचा बेत असेल तर लक्षात घ्या, कोल्हापूर-बेळगाव असा सरळ लोहमार्ग नाही. मिरजेला वळसा घालून यावं लागतं, त्यापेक्षा बस बरी. पुणेकरांनी मात्र रेल्वे आधी बघावी. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-हुबळी वंदे भारत सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवसांसाठी, त्यामुळं आधी गाडीचा वार पाहा आणि मग सुट्टी टाका.

आता नावांचा घोळ. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं 'बेळगावी' झालं, पण रेल्वेचा संकेत जुना 'बीजीएम'च आहे. मोबाईलवर एक स्पेलिंग टाकून काही सापडलं नाही तर दुसरं टाकून बघा. सौंदत्तीला सवदत्ती, निपाणीला निप्पाणी, चिकोडीला चिक्कोडी असं दिसेल. आणि शहरात पत्ता विचारलात की उत्तर येईल, "तिसऱ्या गेटजवळ." हे गेट म्हणजे इमारतीचं फाटक नव्हे, टिळकवाडीतलं रेल्वे फाटक. पहिलं, दुसरं, तिसरं असे त्यांचे क्रमांक इथल्या पोराटोरांनाही पाठ असतात. तसंच 'शनिवार खूट'. खूट म्हणजे गल्ल्या एकत्र येतात तो चौक. घर शोधताना नकाशापेक्षा गल्लीचं नाव कामी येतं, तेव्हा यजमानांना आधी गल्ली विचारून ठेवा.

भाषेबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण सगळ्यात जास्त दुखतं ते इथंच. बाहेरून आलेला माणूस दुकानात शिरतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "तुम्ही मराठी की कन्नड?" कृपा करून हे विचारू नका. आमच्या गल्लीत एका घरात आई मराठी बोलते, शेजारीण कन्नड, समोरचे चाचा उर्दू, मागच्या बाजूला कोकणी, आणि मुलं अंगणात चारही भाषा मिसळून भांडतात. कुमार गंधर्व जन्मले ते इथल्याच सुळेभावीत, १९२४ साली. घर कानडी, आणि पुढं सारा महाराष्ट्र त्यांना आपलं म्हणत आला. ज्याच्या तोंडी जी भाषा आहे तिच्यात त्याला बोलू द्या. तुम्ही मराठीत सुरुवात केलीत तर बाजारात बहुतेक ठिकाणी मराठीतच उत्तर मिळेल. नाही मिळालं तर आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, हिंदीत विचारा, खुणेनं विचारा.

सीमाप्रश्नाचंही तसंच. रिक्षात बसल्या बसल्या "बेळगाव महाराष्ट्रात यायला पाहिजे होतं, नाही का?" असं विचारणारे भेटतात. १७ जानेवारी १९५६ ला याच शहरात माणसं गोळीबारात गेली. त्यांच्या नावाचा हुतात्मा चौक बाजारपेठेजवळच आहे. ज्यांच्या घरी ही आठवण आहे ते आणि ज्यांचं म्हणणं वेगळं आहे ते रोज एकाच भाजीवाल्याकडं उभे असतात. जेवता जेवता छेडावा असा हा विषय नाही. कुणी आपणहून सांगितलं तर मात्र नीट ऐका.

चार कन्नड शब्द शिकून या, त्यातही एक अक्षर आधी शिका: 'री'. आपण 'अहो' म्हणतो तसा हा मान. 'एष्टु' म्हणजे किती, पण दुकानदाराला विचारायचं ते 'एष्टरी?' असं. हो म्हणायचं तर 'हौदरी'. पाणी म्हणजे नीरु, जेवण म्हणजे ऊट. पाहिजे तर 'बेकु', नको तर 'ब्याड'. आणि समोरचा भरभर बोलायला लागला तर हात जोडून 'कन्नड बरंगिल्लरी', म्हणजे कन्नड येत नाही. एवढं म्हटलंत की पुढचं संभाषण तोच सांभाळून घेतो. थोरल्या माणसाला अण्णा, बाईमाणसाला अक्का म्हणा. आणि आमची मराठी ऐकून, 'काय करूलास' वगैरे, कृपया नक्कल करून दाखवू नका. ती आमच्या आईची भाषा आहे.

तारखा न बघता येणं ही मोठी चूक. १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सवाची प्रचंड मिरवणूक राणी चन्नम्मा चौकातून निघते, आणि मराठी माणसं तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात. रस्ते बंद, बंदोबस्त मोठा. लहान मुलं घेऊन फिरायचा दिवस तो नव्हे. दुसरी अडचण कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाची. त्यासाठीची इमारत, सुवर्ण विधानसौध, २०१२ मध्ये उभी राहिली, तेव्हापासून बहुतेक वर्षी हिवाळी अधिवेशन इथं भरतं, साधारण डिसेंबरात. त्या दिवसांत लॉज मिळणं कठीण होतं आणि महामार्गावर मोर्चे असतात. लग्नाला येणाऱ्यांनी खोली आधीच धरावी.

वाद पेटला की पहिल्यांदा बंद पडते ती बस. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही दोन्ही राज्यांमधल्या गाड्या काही काळ थांबल्या होत्या. अशा वेळी अडकलात तर घाबरू नका. रेल्वे चालू आहे का ते आधी पाहा, मिरजेपर्यंत पोचलात की पुढं रस्ता मोकळा. महाराष्ट्र पासिंगची स्वतःची गाडी असेल तर ती यजमानांच्या आवारात लावा आणि दिवसभर थांबा.

चांगल्या तारखाही चुकतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची मिरवणूक बघायला आलेले पाहुणे मी हिरमुसलेले पाहिलेत. बेळगावची मोठी मिरवणूक वैशाखात निघते. चित्ररथ रात्रभर चालतात आणि उजाडेपर्यंत गल्ल्या जाग्या असतात. ती बघायची तर मे महिन्याच्या आसपास पंचांग पाहून या. सौंदत्तीच्या यल्लम्माला शांतपणे दर्शन हवं असेल तर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमा टाळा. यात्राच अनुभवायची असेल तर मात्र तेव्हाच जा.

गोकाक धबधबा एप्रिलमध्ये बघायला जाऊ नका. घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते ती पावसाळ्यात, उन्हाळ्यात तिथं बहुतेक काळा खडकच दिसतो. जुलै ते सप्टेंबर हा काळ खरा. कठड्यापलीकडच्या निसरड्या दगडावर फोटोसाठी पाय टाकू नका. तिथं माणसं गेलेली आहेत.

चोर्ला घाटातून गोव्याला जाणार असाल तर जांबोटी, कणकुंबीच्या पुढं पावसाळ्यात धुकं इतकं दाट असतं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही. दिवसाच जा. येताना गोव्याची बाटली गाडीत ठेवू नका, तपासणी होते.

किल्ल्यात आत लष्कराचा भाग आहे, फोटो काढण्याआधी विचारा. कमलबस्ती मात्र धावत बघू नका. १२०४ सालचं हे जैन मंदिर आहे. मंडपात उभं राहून मान वर केली की छतातून दगडी कमळ खाली उमललेलं दिसतं. शेजारीच सफा मशीद, जवळच रामकृष्ण आश्रम. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद या शहरात राहून गेले. हे सगळं एका सकाळीत पायी होतं, फक्त दुपारच्या उन्हाआधी निघा.

खाण्यात एकच सावधगिरी. 'खानावळ' दोन प्रकारची असते. लिंगायत खानावळीत भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी असं शुद्ध शाकाहारी मिळतं. 'सावजी' लिहिलेली असेल तर झणझणीत मटण. पाटी वाचता येत नसेल तर दारातच विचारा.

आणि कुंदा. पाहुणे पहिल्याच दिवशी घेतात आणि तीन दिवस तापलेल्या गाडीत ठेवतात. आटवलेल्या दुधाचा पदार्थ तो, घरी पोचेपर्यंत आंबूस होतो. परतीच्या दिवशी, गाडीला लागण्याआधी घ्या, आणि "आजचा आहे का?" हे विचारायला संकोचू नका. लांब मुंबईला जायचं असेल, पाहुणे पुष्कळ असतील, तर सोबत गोकाकचं करदंट घ्या. डिंक आणि सुक्या मेव्याचं असल्यानं ते टिकतं. मांडे घ्यायचे तर पिशवीत दाबू नका, मांडीवर धरून न्या.