प्राण्यांच्या गावाची गोष्ट कशी सांगावी

आमच्या जुन्नरच्या पट्ट्यात मुलांना बिबट्या चित्रात दाखवावा लागत नाही. बालवाडीत मी 'एका रानात सगळे प्राणी गुण्यागोविंदानं राहायचे' म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, मग बिबट्या काय खायचा?"

हा प्रश्न टाळू नका. मी त्यासाठी निग्रोधमृग जातक घेते, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींपैकी एक.

वाराणसीच्या राजाच्या बागेत हरणांचे दोन कळप. एकाचा पुढारी निग्रोध, दुसऱ्याचा शाख. रोज एका हरणानं पाळीपाळीनं राजाच्या मुदपाकखान्यात जायचं. एक दिवस पाळी येते शाखाच्या कळपातल्या गाभण हरिणीवर. शाख पाळी पुढे ढकलत नाही. निग्रोध तिच्याऐवजी स्वतः जाऊन कापायच्या ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा हलतो, दोघांनाही अभय देतो.

इथे गोष्ट संपवू नका. निग्रोध विचारतो, "आणि बाकीची हरणं?" राजा त्यांनाही अभय देतो. "बागेबाहेरची?" मग सगळी चतुष्पाद जनावरं, मग पाखरं, मग मासे. प्रत्येक प्रश्नाला थांबा आणि मुलांना विचारा, आता कोण राहिलं? माझ्या वर्गात यादी गांडुळापर्यंत जाते. जाऊ द्या, वेळ लागला तरी चालेल.

पुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. निर्धास्त झालेली हरणं शेतात शिरतात, पिकं फस्त करतात. लोक राजाकडे गाऱ्हाणं घालतात, पण तो दिलेला शब्द मोडत नाही. शेवटी निग्रोधच आपल्या हरणांना आवरतो. शेतकऱ्यांनी कुंपण घालायचं नाही, बांधावर खुणेची पानं बांधायची, असं ठरतं. हे गाळलंत तर ज्यांच्या घरचा भुईमूग रानडुकरांनी उकरलाय, ती मुलं गोष्टीबाहेर पडतात. आम्ही सुतळीला आंब्याची पानं बांधून अंगणात बांध आखतो. निम्मी मुलं हरणं, निम्मी शेतकरी, मग अदलाबदल.

थोड्या मोठ्यांना २०१६ चा 'झूटोपिया' दाखवता येईल. त्यात वाघसिंह आणि ससे एकाच शहरात राहतात, उंदरांची मात्र त्यांच्या मापाची वेगळी वस्ती आहे. सिनेमा झाला की मुलांकडून आपल्या गावाचा असा नकाशा काढून घ्या. कुणाचं दार केवढं, पाणी कुठे, हे त्यांनीच ठरवायचं.

आणि बिबट्या? मी खरं तेच सांगते: तो शिकारच करणार. निग्रोधानं अभय मागितलं ते माणसाकडे, बिबट्याकडे नाही. हे ऐकून गेल्या वर्षी एका मुलीनं नकाशात बिबट्याला उसातच ठेवलं, आणि उसाच्या चारी बाजूंनी पानांची सुतळी काढली.