विंडो ओढताना अडखळते? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

विंडोज 10 किंवा 11 असलेल्या लॅपटॉपवर एखादी विंडो वरच्या पट्टीला धरून ओढली, की ती रखडत, धक्के खात सरकते. अशा वेळी सल्ले दोनच मिळतात: रॅम वाढवा, नाहीतर फॉरमॅट मारा. कृपा करून लगेच खर्चात पडू नका. या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (पडद्यावरचं चित्र काढणारी चिप विंडोजकडून चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतं आणि ते घरबसल्या तपासता येतं.

आधी डेस्कटॉपवर नुसता पॉइंटर फिरवा. तोच अडखळत असेल तर माऊसचा सेल बदला, दुसरा माऊस लावून बघा. पॉइंटर सुळसुळीत फिरतोय आणि विंडोच मागे पडतेय, तर नोटपॅड उघडून तेही ओढून पाहा. नोटपॅड नीट सरकलं तर अडचण त्या एका प्रोग्रॅमची आहे.

सगळ्याच विंडो रखडत असतील तर विंडोज की आणि एक्स एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्यात ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’वर डबल क्लिक करा. तिथे सहसा इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया असं नाव दिसतं. त्याऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसलं, तर चोर सापडला. उघड्या विंडो एकत्र जुळवून पडद्यावर मांडण्याचं काम एरवी ग्राफिक्स चिप करते. तिचा ड्रायव्हर नसला की तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि दुसरी विंडो गरागरा फिरवा. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा चढताना दिसेल. नुकतंच फॉरमॅट झालेल्या लॅपटॉपवर हे आढळू शकतं.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, मॉडेल नंबर टाकून. विंडोज अपडेटच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही तो मिळू शकतो. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिरवणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र अजिबात टाकू नका. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा. काम अर्धवट असताना तात्पुरता उपाय हवा असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघड्या फाइल बंद होत नाहीत.

बाहेरचा मॉनिटर जोडला असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’त रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते, पाहा. जुन्या एचडीएमआय 1.4 पोर्टवर 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतं, म्हणून विंडो तुटक दिसते. रिझोल्यूशन 1920 बाय 1080 करून 60 हर्ट्झ निवडा, फरक लगेच दिसेल.

बॅटरी सेव्हर चालू असेल तर चार्जर लावून परत बघा.

मशीनच जुनं असेल तर ‘ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स’ बंद करा. मग स्टार्टमध्ये ‘व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, परफॉर्मन्सखालच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘शो विंडो कंटेंट्स व्हाइल ड्रॅगिंग’ची खूण काढा. ओढताना नुसती चौकट सरकते, सोडल्यावर विंडो तिथे येते. रॅमचा विचार करायचा तो यानंतर, आणि तोही टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत 90 टक्क्यांच्या वर दिसत असेल तरच.