५जी फोन घेण्याआधी आपल्या वाडीत हे तपासा

गणपती जवळ आले की कणकवलीतल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात एकच प्रश्न: "आमच्या वाडीत फायजी गावता काय?" मी लगेच फोन दाखवायला काढत नाही. आधी विचारतो, घर कुठे, टॉवर कुठल्या अंगाला, भिंती कशाच्या, वर पत्रा की स्लॅब, आणि सिम कुठल्या कंपनीचं.

देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. सुरुवात मोठ्या शहरांपासून झाली, मग तालुक्याची गावं आणि हायवेलगतचा पट्टा. त्यामुळे "जिल्ह्यात ५जी आलं" हे खरंच असतं, पण तुमच्या माजघरात ते पोचतं की नाही हे तुम्हालाच बघावं लागतं.

आधी कंपनीच्या वेबसाइटवरचा कव्हरेज नकाशा उघडा आणि वाडीपर्यंत झूम करा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या नियमामुळे कंपन्यांना हे नकाशे द्यावे लागतात. वाडीवर ५जीचा रंगच नसेल तर विषय संपला, चांगला ४जी फोन घ्या. रंग असेल तरी घाई नको. नकाशाला तुमच्या भिंती दिसत नाहीत.

खरी परीक्षा घरात. शेजारचा, भावाचा, कुणाचाही ५जी फोन मागून घ्या, पण सिम तुम्ही वापरणार त्याच कंपनीचं हवं. तुम्ही जिथे बसून फोन बघता तिथेच बसा आणि रात्री नऊच्या सुमाराला ट्रायच्या मायस्पीड ॲपवर वेग मोजा. सकाळी सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर उभं राहून घेतलेला आकडा काही कामाचा नाही. चाकरमानी आलेले असताना मोजलात तर उत्तमच. टॉवर तोच, माणसं दुप्पट-तिप्पट; त्या गर्दीत व्हिडिओ नीट चालला तर वर्षभर चालेल. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे तीनशे-चारशेच्या आकड्यांनी भुलू नका.

वरच्या कोपऱ्यातल्या '५जी' या खुणेवरही जाऊ नका. एअरटेलने आपलं ५जी आधी ४जीच्या खांद्यावर उभं केलं, त्याला एनएसए म्हणतात. अशा ठिकाणी फोन ५जी लिहितो आणि डेटा कधी कधी ४जीवरूनच येत असतो. जिओचं पहिल्यापासून स्वतंत्र, म्हणजे एसए. म्हणून फोनच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी बघा: एसए आणि एनएसए दोन्ही आहे का, आणि बँड, म्हणजे फोन पकडतो ते लहरींचे पट्टे, कुठले. एन ७८ हवाच. जिओ वापरणार असाल तर एन २८ सुद्धा हवा. हा ७०० मेगाहर्ट्झचा बँड जिओने २०२२ च्या लिलावात घेतला. तो लांबवर जातो आणि भिंतीतूनही बरा शिरतो. एन ७८ वेगवान, पण त्याचा पल्ला कमी, आणि आमच्याकडे मध्ये डोंगर आला की संपलाच. परदेशातून कुणी फोन पाठवत असेल तर बँड आधी विचाराच.

वाडीत फक्त बीएसएनएल लागत असेल तर ५जी फोनसाठी जादा पैसे आज घालू नका. त्यांचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर अधिकृतपणे सुरू झालं. ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणून ४जी फोनमध्ये बँड २८, म्हणजे ४जीचा ७०० मेगाहर्ट्झ, आहे का ते बघा. जुन्या फोनांत तो बरेचदा नसतो, आणि लोक टॉवरला शिव्या घालत बसतात.

फोन घेतलात की सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क, मग सिम, मग प्रिफर्ड नेटवर्क टाइपमध्ये '५जी' असलेला पर्याय निवडा. जिओ-एअरटेलचं ४जी सिम चालतं, बदलावं लागत नाही. रिचार्ज मात्र वाचून करा. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून या दोघांनी अमर्याद ५जी साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतंच ठेवलंय. दीड जीबीचा प्लॅन मारून "स्पीडने डेटा संपला" म्हणत येणारे माझ्याकडे कमी नाहीत.

पत्र्याचं छप्पर असेल तर सिग्नल आत येताना अडतो. फोन टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा आणि हॉटस्पॉट लावून आत वापरा. ५जी सारखं येतं-जातं असेल तर त्याच सेटिंगमधून सरळ ४जीवर लॉक करा. फोन सतत नेटवर्क शोधत राहिला की बॅटरी दुपारीच मान टाकते.

"तुमचं सिम ५जी करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर कट करा. ५जी चालू करायला ओटीपी लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना हे आजच सांगून ठेवा. कुणी ओटीपी देऊन बसलंच आणि पैसे गेले, तर बँक उघडायची वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.