अनुवादकांनो, या चुका टाळा: नवा माउस घेऊनही करंगळीच्या मुंग्या का जात नाहीत

यंत्राचं मॅन्युअल होतं, चाळीस हजार शब्दांचं, आणि हातात दिवस होते नऊ. तिसऱ्या रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग आली. हात झटकला, कूस बदलली, झोपले. सहाव्या दिवशी मनगटाचा पट्टा आणला, सातव्या दिवशी उभा माउस (हात मिळवताना धरतो तसा, तळवा आडवा ठेवून धरायचा), मग कीबोर्डपुढे ठेवायची जेलची गादी. काम वेळेवर गेलं. मुंग्या राहिल्या.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मनगटाकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढंच विचारलं, “नक्की कोणत्या बोटाला?” मला सांगता येईना. दिवसभर शब्दांच्या छटा निवडत बसणारी मी, आणि स्वतःच्या हाताबद्दल “असं सगळीकडेच होतं हो” इतकं ढोबळ बोलत होते. दोन दिवस लक्ष ठेवून लिहून आणा, म्हणाल्या. लिहिलं तेव्हा कळलं, मुंग्या फक्त करंगळीला आणि तिच्या बाजूच्या अर्ध्या अनामिकेला येत होत्या. मनगटाचा यात काही संबंध नव्हता. कोपर कुठे आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती अल्नर नस. कोपराच्या आतल्या बाजूला ती अगदी कातडीखालून जाते. आणि मी मूळ मजकूर वाचताना गाल तळव्यावर टेकवून, कोपर टेबलाच्या कडेवर रोवून तासन्‌तास बसत होते.

तर पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही: दुखतंय कुठे हे नीट न पाहता सामान विकत घेणं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर होत असेल, रात्री त्रास वाढत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर संशय मनगटातल्या मीडियन नसेवर जातो. कार्पल टनेल म्हणतात ते हेच. मुंग्या नाहीत, पण मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ लागते, बाटलीचं झाकण फिरवताना जीव जातो, तर दुखणं बहुधा अंगठा हलवणाऱ्या कंडरांचं (टेंडन) असतं. दिवसभर एकाच अंगठ्याने स्पेसबार आणि संध्याकाळी त्याच अंगठ्याने फोन, असा दुहेरी मार त्यांना बसतो. मान वळवली की कळ हातात उतरत असेल तर मूळ मानेत असू शकतं. आणि मुंग्या दोन्ही हातांना, शिवाय पायांनाही असतील तर कीबोर्डला दोष देऊ नका. साखर आणि बी १२ तपासून घ्या. कार्पल टनेलमागेही कधी कधी थायरॉइड किंवा मधुमेह असतो. हे सगळं घरबसल्या निदान करण्यासाठी सांगत नाहीये. डॉक्टरांपुढे बसल्यावर “हात दुखतो” यापेक्षा नेमकं वाक्य तोंडी असावं, एवढ्यासाठीच.

माझा उपाय शेवटी फुकटात झाला. टेबलाच्या कडेवर कोपर टेकणं बंद केलं, फोन कानाला धरून बोलण्याऐवजी इअरफोन लावू लागले, आणि रात्री कोपर दुमडू नये म्हणून त्याभोवती टॉवेल गुंडाळून झोपू लागले. पहिले काही दिवस फार विचित्र वाटतं. दीड-दोन महिन्यांत मुंग्या गेल्या. उभा माउस कपाटात आहे.

पट्ट्याबद्दल थोडं. कार्पल टनेलसाठी मनगट सरळ ठेवणारा पट्टा साधारणपणे रात्री घालायला सांगतात, कारण झोपेत मनगट नकळत मुडपतं. आपण मात्र तो दिवसा आवळून बांधतो आणि त्याच्या भरवशावर आणखी तीन हजार शब्द बडवतो. मनगट हलत नाही, मग तेच काम बोटं, कोपर आणि खांदा ओढून करतात. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर पट्टा बांधून टाइप करू नका.

हात बदलून काम तेवढंच ठेवणं ही तर फार जुनी चूक आहे. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांचे रोग एका ग्रंथात नोंदवले होते. १७१३ साली त्यात लेखनिकांवरचं प्रकरण आलं, आणि त्यात कारणं दिली होती तीन: सतत बसणं, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल आणि मनावरचा ताण. त्यात एका नोटरीची हकिकत आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात लुळा पडला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच दिवसांत डाव्यालाही तेच झालं. “माउस डाव्या हाताने वापर” असा सल्ला कुणी दिला की मला हा नोटरी आठवतो. सल्ला वाईट नाही, पण त्याबरोबर शब्दही कमी व्हायला हवेत.

मराठीत टाइप करणाऱ्यांची एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे येतात आणि ख, घ, थ, ध, भ ही महाप्राण अक्षरं शिफ्ट दाबून येतात. श, ळ सुद्धा. म्हणजे डावी करंगळी दिवसभर शिफ्टवर ताणलेली. ‘भाषांतर’ लिहून पाहा, पहिल्याच अक्षराला ती कामाला लागते. अशाने तळहाताची बाहेरची कड दुखू लागली तर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ‘स्टिकी कीज’ चालू करा. मग शिफ्ट दाबून सोडली तरी ती पुढच्या अक्षराला लागू होते, धरून ठेवावी लागत नाही. दोन दिवस चिडचिड होईल, नंतर हाताला सवय होते. बोलून टाइप करणं हाही मार्ग आहे, फक्त अख्खा दिवस बोलू नका. मग घसा बसतो आणि हाताचं दुखणं गळ्यात येतं. सकाळी पहिला खर्डा बोलून आणि दुपारी दुरुस्ती हाताने, हे प्रमाण मला जमलं.

लॅपटॉपबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे एक बरोबर उंचीवर आला की दुसरा चुकतो. वेगळा कीबोर्ड जोडा, लॅपटॉप उंच ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर साधारण हातभर. पण तुम्हाला बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हाच नियम उलटतो! वाचायची काच खाली असते, म्हणून उंच स्क्रीन वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर फक्त स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्या.

डोळ्यांच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे निळ्या प्रकाशाचा चष्मा घेऊन निश्चिंत होणं. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा अशा काचांनी, निदान थोड्या काळात तरी, कमी होत नसावा असं दिसतं. चुरचुरण्याचं खरं कारण साधं आहे: टक लावून वाचताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. आपलं काम तर दुप्पट टक लावायचं, डावीकडे मूळ, उजवीकडे अनुवाद, आणि मधे एखादी वेलांटी सुटलेली. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहा हा नियम ठीक आहे, त्याबरोबर पापण्याही मुद्दाम पूर्ण मिटा. कॅट टूलमधला, म्हणजे अनुवादाच्या सॉफ्टवेअरमधला, फॉन्ट मोठा करा. सेगमेंट (मजकुराचे तुकडे) कमी दिसतील, दिसू देत. पंख्याचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर बाजूला वळवा.

विश्रांतीसाठी लोक गजर लावतात. माझा अनुभव असा की गजर हमखास वाक्याच्या ऐन मध्यावर वाजतो, आपण तो बंद करतो, आणि आठवड्याभरात तो ऐकूच येईनासा होतो. घड्याळाऐवजी कामालाच खूण बांधा. शब्द अडला की उठायचं. अडलेला शब्द खुर्चीत बसून सापडतच नाही, तो पाणी प्यायला गेल्यावर सापडतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शेवटचं वाचन बसून करू नका. कॉम्प्युटरला अनुवाद मोठ्याने वाचायला लावा आणि मूळ मजकूर हातात घेऊन खोलीत फिरत ऐका. गळलेलं वाक्य डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं, आणि पाठ मोकळी होते ती वेगळीच.

मशीन ट्रान्सलेशन दुरुस्त करण्याचं काम हलकं समजून दुप्पट घेणं ही हल्लीची चूक. टाइपिंग कमी होतं हे खरं. पण माउसची टिचटिच वाढते आणि प्रत्येक वाक्यावर “हे चालेल का?” असा निर्णय घ्यावा लागतो. संध्याकाळी बोटं ताजी असतात आणि डोकं सुन्न. असं काम सकाळी करा, आणि त्याच दिवशी थोडं कोऱ्या पानावरचंही ठेवा.

एक दुखणं हातापायात नसतं. अत्याचाराच्या जबान्या, अपघाताचे अहवाल, आजाऱ्यांच्या तक्रारी यांचा अनुवाद आपण ‘मी’ म्हणून करतो. “मला त्याने ढकललं” हे वाक्य तुम्ही स्वतः, योग्य क्रियापद शोधत, चार वेळा लिहिता. सभेत एकाच वेळी बोलून भाषांतर करणारे दुभाषे साधारण २० ते ३० मिनिटांनी एकमेकांना आलटून पालटून सोडवतात. लेखी अनुवादकाला सोडवणारं कुणी नसतं, आणि तो अशी फाइल नेमकी रात्री, एका बैठकीत उरकून टाकायला जातो. ती दिवसा करा, तुकड्यांत करा, मधे एखादी रटाळ वॉरंटीची फाइल घाला. ऑडिओ असेल तर हेडफोन काढून स्पीकरवर ऐकता येतो का पाहा. झोप उडू लागली, तीच दृश्यं परत परत दिसू लागली, तर समुपदेशकाशी बोला. आणि पुढची तशी फाइल नाकारा. त्यासाठी कारण द्यायला लागत नाही.

आता त्या चाळीस हजारांचा हिशेब. मुरलेल्या अनुवादकाचा रोजचा वेग साधारणपणे २,००० ते २,५०० शब्द धरतात. मी कबूल केले होते दिवसाला जवळजवळ साडेचार हजार. कोपर दुखावलं ते टेबलाच्या कडेने, पण ते तिथे इतके तास रोवलं गेलं माझ्या ‘हो’ म्हणण्यामुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मांडलेल्या आकड्यांनुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आता मी तारीख कळवताना माझा सगळ्यात चांगला दिवस धरत नाही, मधला धरते, आणि दर पाच दिवसांमागे एक मोकळा. काही कामं हातची जातात.

शेवटी, ज्या लक्षणांवर घरगुती उपाय करत बसायचं नाही ती: हातातून वस्तू निसटू लागणं, अंगठ्याखालचा किंवा अंगठा-तर्जनीमधला उंचवटा सपाट दिसू लागणं, मुंग्या जाऊन कायमचा बधिरपणा येणं. यांतलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, मांड्यांच्या आतल्या बाजूची संवेदना गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी थेट हॉस्पिटल. आणि जाताना सोबत तो कागद न्या, कोणतं बोट, किती वाजता, काय करत असताना.