दोन सुताची नळी, तीन सुताचा बेंडर

नवतपा (उन्हाळ्यातले तापलेले नऊ दिवस) सुरू झाला आणि आमचा स्प्लिट एसी नुसती हवा फेकू लागला. गॅस कमी झाला असेल, भरून टाका, असं जो तो सांगत होता. मी आधी मागच्या गॅलरीत जाऊन नळ्या पाहिल्या. बारीक नळीच्या वळणावर फोम सरकवला, तर तांबं चपटं झालेलं आणि नेमकं तिथून पुढे बर्फ. म्हणजे गॅस होता, वाट अडली होती. कॅपिलरी म्हणजे गॅसचा दाब उतरवून त्याला थंड करणारी एसीतली अगदी बारीक नळी; चेपलेली जागा दुसऱ्या कॅपिलरीसारखी वागते.

एसी बसवणाऱ्या पोराकडे तीन सुताचा बेंडर (नळी वाकवायचं अवजार) होता, नळी दोन सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मोठ्या खाचेत बारीक नळीला बाजूंचा आधार मिळत नाही, मग ती वळताना चेपते. पान्याने दाबून गोल करू नका. तांबं तिथे कडक झालेलं असतं, चिरतं.

ओळखीच्या मेकॅनिकला म्हटलं, "भाऊ, गॅस उडवू नका." त्यांनी एसी चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद केला, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतला, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशीन थांबवली. चेपलेला तुकडा कटरने कापला. नवी नळी इतवारी बाजारातून आणलेल्या, नळी वळवायच्या दोन सुताच्या स्प्रिंगमध्ये घालून अंगठ्यांनी हळूहळू वळवली, वळण मोठं ठेवलं. स्प्रिंग ओढून नाही, फिरवत काढायची. फ्लेअर (नळीचं तोंड फुलवणं), युनियन (जोड), व्हॅक्यूम पंपाने आतली हवा काढणं, शेवटी गळती बघायला साबणाचं पाणी. फ्लेअर करण्याआधी नट नळीत घालायला विसरू नका, नाहीतर पुन्हा कापा!

रात्री पांघरूण लागलं.